प्रवाळ-मत्स्यालयातील लाल साय

घरातील खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात, विशेषत: जिवंत प्रवाळ ठेवलेल्या रीफ टँकमध्ये, वाळूवर, खडकांवर आणि कधीकधी थेट प्रवाळांच्या अंगावर एक लालसर-जांभळा थर धरतो. तो दिसायला मखमली आणि हाताला बुळबुळीत असतो. दुपारपर्यंत त्यावर हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात, रात्री दिवे मालवले की थर विरळ होतो आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा पूर्ववत दिसू लागतो. नळीने ओढून घेतला तर दुधावरच्या सायीसारखा अखंड तुकड्यांनी निघतो आणि तीन-चार दिवसांत परत येतो. हौशी मंडळी त्याला लाल शेवाळ किंवा ‘रेड स्लाइम’ म्हणतात. शास्त्रीय दृष्ट्या मात्र ते शेवाळ नव्हे. तो सायनोबॅक्टेरिया या वर्गातील जीवाणू आहे आणि त्याच्या बंदोबस्ताची सारी दिशा या एका गोष्टीवरून ठरते.

मराठी पाठ्यपुस्तकांत या जीवाणूंना दीर्घकाळ ‘नीलहरित शैवाल’ म्हटले गेले. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते, पण वनस्पतींप्रमाणे हरितद्रव्य असते आणि ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून ऑक्सिजन सोडतात. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला, तो यांच्याच पूर्वजांच्या कामगिरीमुळे. हरितद्रव्याच्या जोडीला फायकोसायनिन हे निळे आणि फायकोएरिथ्रिन हे तांबडे रंगद्रव्य यांच्यात असते. तांबड्याचे प्रमाण अधिक असले की थर लाल दिसतो, कमी असले की हिरवट, निळसर किंवा जवळजवळ काळा. त्यामुळे केवळ रंगावरून निदान करणे धोक्याचे ठरते. मत्स्यालयात आढळणारे बहुतेक प्रकार ऑसिलेटोरिया, लिंगबिया, फॉर्मिडियम यांसारख्या तंतुमय गटांतील असतात.

महाराष्ट्राला हा जीव नवा नाही. लोणारच्या खाऱ्या सरोवराच्या हिरवेपणात त्याचा वाटा आहे. भातखाचरात तो हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतो, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले आणि पुढे त्याचे जैविक खत शेतकऱ्यांच्या हाती आले. गोव्याजवळच्या अरबी समुद्रात पावसाळ्यापूर्वी ट्रायकोडेस्मियम या जातीचे पट्टे लाकडाच्या भुशासारखे पाण्यावर तरंगताना दिसतात. एवढा उपकारक जीव काचेच्या पेटीत उपद्रवी का ठरतो, याचे उत्तर त्या पेटीच्या जमाखर्चात आहे.

उजनी आणि काचेची पेटी

येथे एक उदाहरण मुद्दाम घेत आहे. धाराशिव जिल्ह्याच्या परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे गाव. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या अनेक कुटुंबांचे हे कुलदैवत असल्याने वर्षातून एकदा तरी त्यांची पावले तिकडे वळतात. समुद्र येथून सरळ रेषेतही सुमारे अडीचशे किलोमीटर दूर. प्रवाळ-मत्स्यालयाचा विचार करण्यास याहून विसंगत जागा नसेल, असे कोणालाही वाटेल. पण या गावाच्या परिसरातील पाण्याकडे नीट पाहिले, तर रीफ टँकमधील लाल सायीचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र येथेच उलगडते.

परंडा तालुक्याला लागून पश्चिमेकडे सोलापूर जिल्हा आहे आणि तेथे भीमेवर उजनी धरण आहे. ते १९८० मध्ये पूर्ण झाले. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही महानगरे आहेत. त्यांचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून या जलाशयात उतरते, भोवतालच्या उसाच्या शेतांतून खतांचा अंश येतो आणि उन्हाळ्यात पाणी खाली गेले, तापले आणि संथ झाले की त्यावर हिरवा तवंग धरतो. हा तवंगही सायनोबॅक्टेरियाचाच. जात वेगळी आहे. उजनीतील प्रकार गोड्या पाण्यात तरंगणारे, तर मत्स्यालयातील खाऱ्या पाण्यात तळाला चिकटून चटई विणणारे. नियम मात्र एकच आहे: आत येणारे पोषकद्रव्य बाहेर जाणाऱ्यापेक्षा अधिक, पाणी उबदार, प्रवाह मंद. उजनीवरचा तवंग जाळीने उपसून जलाशय स्वच्छ होईल असे कोणी म्हणणार नाही. तरीही घरच्या दोनशे लिटरच्या पेटीत आपण नेमके तेच करतो, आणि थर परत आला की आश्चर्य करतो.

ओळख पटवून घेणे

उपायाकडे वळण्यापूर्वी निदान. नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर जी तपकिरी धूळ बसते ती बहुधा डायटम असते. पाण्यातील व वाळूतील सिलिकेट संपले की ती आपोआप ओसरते. तंतुमय हिरवे शेवाळ खडकाला घट्ट धरून असते, ओढले तर तुटते पण थर म्हणून सुटून येत नाही. खरा घोटाळा होतो तो डायनोफ्लॅजेलेट्सशी. तेही तपकिरी-लालसर, तेही बुडबुडे धरणारे, तेही रात्री कमी होणारे. पण त्यांचा थर शेंबडासारखा दोऱ्यादोऱ्यांनी लोंबतो, आणि दोहोंवरील उपचार बऱ्याच अंशी परस्परविरुद्ध आहेत. पोषकद्रव्ये कमी करीत नेली की सायनोबॅक्टेरिया हटतो, डायनोफ्लॅजेलेट मात्र नेमके तेव्हाच फोफावतात.

एक घरगुती कसोटी उपयोगी पडते. थराचा थोडा अंश पेटीतील पाण्यासकट बाटलीत घेऊन जोराने हलवावा, कॉफी गाळण्याच्या कागदातून गाळावा आणि गाळलेले पाणी तासभर उजेडात ठेवावे. त्यात पुन्हा गुठळी किंवा दोरे जमले तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा, पाणी स्वच्छ राहिले तर सायनोबॅक्टेरियाचा. शाळकरी मुलांचा सूक्ष्मदर्शक घरात असेल तर प्रश्न पाच मिनिटांत सुटतो. चारशेपट मोठे करून पाहिल्यास सायनोबॅक्टेरियाचे सरळ, आडव्या रेघा असलेले, संथपणे सरकणारे धागे दिसतात. डायनोफ्लॅजेलेटचे दाणे गरगर फिरतात किंवा एका जागी झुलतात. नाकाचीही मदत होते. सायनोबॅक्टेरियाच्या थराला अनेकदा ओल्या मातीचा कुबट वास येतो. पहिल्या पावसात जमिनीतून येणाऱ्या सुगंधामागे जिओस्मिन नावाचे जे द्रव्य असते, ते या जीवाणूंच्या काही जातीही तयार करतात. अंगणात हवाहवासा वाटणारा वास दिवाणखान्यातील पेटीतून येऊ लागला तर मात्र सावध व्हावे.

पाणी: जेथून सर्व सुरू होते

अनुभवी मंडळी नवशिक्याला पहिला प्रश्न विचारतात तो दिव्यांचा किंवा यंत्रांचा नव्हे, तर पाणी कोठून भरता, हा. त्याचे महत्त्व एका साध्या हिशोबावरून कळेल.

सोनारीचा परिसर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. येथील विंधन विहिरीचे पाणी जड असते, आणि शेतीप्रधान भागात खते, गोठे व सांडपाणी यांतून झिरपलेला नायट्रेट भूजलात उतरतो. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. समजा, एखाद्या बोअरचे पाणी नेमके या मर्यादेवर, म्हणजे पिण्यास योग्य आहे. दोनशे लिटरच्या पेटीतून कोरड्या हवेत दिवसाला तीन लिटर पाणी बाष्परूपाने उडते, असे धरू. उडते ते केवळ शुद्ध पाणी. क्षार, नायट्रेट, फॉस्फेट सारे मागे राहते. ही तूट त्याच बोअरच्या पाण्याने भरून काढली, तर महिन्याला नव्वद लिटर पाण्याबरोबर सुमारे ४,०५० मिलिग्रॅम नायट्रेट पेटीत येतो. दोनशे लिटरमध्ये वाटला असता महिन्याला लिटरमागे वीस मिलिग्रॅमची भर. माशांना अजून एक दाणाही घातलेला नाही. प्रवाळ-मत्स्यालयात नायट्रेट साधारणत: लिटरमागे २ ते १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम असावा, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. म्हणजे माणसाला चालणारे पाणी प्रवाळाला एका महिन्यात असह्य होते.

सोनारीत जे बोअरचे, तेच पुण्याच्या उपनगरांत टँकरने येणाऱ्या पाण्याचे, कारण पाषाण तोच आहे. यावर उपाय आरओचे पाणी, आणि शक्य तर त्यापुढे डीआय रेझिनचा टप्पा. स्वयंपाकघरातील आरओ यंत्र वापरायचे असेल तर एक गोष्ट तपासून घ्यावी. अनेक यंत्रांत चवीसाठी शुद्ध पाण्यात थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते किंवा खनिजांची नळकांडी बसवलेली असते. मत्स्यालयासाठी पाणी घेताना ती वाट बंद करावी लागते. टीडीएस मापकावर शून्याजवळचा आकडा दिसला तर उत्तम, मात्र हे मापक नायट्रेट व फॉस्फेट वेगळे ओळखत नाही, ते केवळ एकूण विद्राव्य क्षारांचा अंदाज देते. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी ‘शुद्धच असते’ म्हणून काही जण पेटीत घालतात. त्यात नळ्यांतील तांब्याचा अंश उतरू शकतो आणि तांबे हे प्रवाळ, गोगलगायी व कोळंबी यांना विष आहे.

आरओ यंत्र एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी टाकून देते, हे येथे सांगितले पाहिजे. शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या मराठवाड्यात बसून एका छंदासाठी मोरीत पाणी सोडणे कोणालाही रुचणार नाही. ते टाकाऊ पाणी बादलीत धरून फरशी पुसणे, भांडी विसळणे, शौचालय यांसाठी सहज वापरता येते, आणि ज्याला तेवढी व्यवस्था करणे जमत नाही त्याने रीफ टँकच्या वाटेस जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाणी बदलणे हा दुसरा आधार. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे असे म्हणतात. त्यातून काय साधते याची कल्पना असावी. चार आठवड्यांत चार वेळा दहा टक्के बदलले तर जुन्या नायट्रेटपैकी जेमतेम एक तृतीयांश निघून जाते. आवक चालूच राहिली तर एवढ्याने भागत नाही. नवे पाणी आरओच्या पाण्यात सागरी क्षारमिश्रण विरघळवून, लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारतेचे आणि पेटीइतक्याच तापमानाचे करून घ्यावे. स्वयंपाकाच्या मिठाने हे काम होत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि इतर अनेक घटक असतात. मुंबईकरांना समुद्र दारात असल्याने तेथूनच पाणी भरून आणण्याचा मोह होतो. किनाऱ्यालगतच्या त्या पाण्यात शहराचे सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात त्याची क्षारता घसरते. तो मोह टाळावा.

शून्याचा सापळा

एवढे वाचल्यावर पोषकद्रव्ये शून्यावर आणावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. येथेच अनेकांची फसगत होते. नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट मात्र शिल्लक, अशी स्थिती आली की शेवाळाची वाढ खुंटते, पण सायनोबॅक्टेरियाच्या काही जाती पाण्यात विरघळलेल्या वायुरूप नायट्रोजनपासूनच आपली गरज भागवतात. भातखाचरात जो गुण वरदान ठरतो तोच येथे अंगावर येतो. प्रतिस्पर्धी उपाशी, आणि हा एकटा तृप्त. ‘नायट्रेट शून्य आहे, तरी लाल थर का?’ या नेहमीच्या तक्रारीचे एक उत्तर हे आहे. दुसरे उत्तर असे की, थरच नायट्रेट शोषून घेत असल्याने चाचणीत तो दिसत नाही.

अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ मध्ये असे दाखवले की, समुद्रातील प्लवकांत नायट्रोजन व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण साधारण सोळास एक असते. नायट्रेट व फॉस्फेट यांच्या वजनात मांडल्यास ते अंदाजे दहास एक येते. हौशी मंडळींनी या आकड्याला मंत्राचे स्वरूप दिले आहे, ते अतिरेकी होय. प्रमाण अचूक जुळवण्यापेक्षा दोन्ही द्रव्ये मोजता येण्याइतकी पण अल्प असावीत आणि ती दर आठवड्याला हिंदकळू नयेत, एवढे पाहिले तरी पुरे. फॉस्फेट शोषणारी लोहयुक्त दाणेदार भुकटी बाजारात मिळते. ती एकदम भरपूर घातली तर फॉस्फेट रात्रीत कोसळतो आणि प्रवाळ पांढरे पडू लागतात. थोडी घालावी, मोजावे, मग पुढे जावे. पाण्यात व्होडका किंवा व्हिनेगरचे थेंब घालून उपयुक्त जीवाणू वाढवण्याची पद्धतही प्रचलित आहे. ती कुशल हातीच ठीक, कारण त्या सेंद्रिय कार्बनावर लाल थरच पोसला गेल्याची उदाहरणे हौशी वर्तुळात नित्याची आहेत.

पोषकद्रव्यांची घरातून होणारी सर्वात मोठी आवक म्हणजे खाद्य. मासे काचेशी आले की ते भुकेले आहेत असे समजून मुठीने दाणे टाकणारे काका-मामा प्रत्येक घरात असतात. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. गोठवलेले खाद्य वितळल्यावर त्याचे पाणी गाळून टाकावे, त्यात फॉस्फेट भरपूर असतो. जुने किंवा वाळवलेले मृत खडक पेटीत ठेवले असतील तर त्यांतूनही महिनोन्‌महिने फॉस्फेट झिरपत राहतो. अशा वेळी चाचणीत आकडा कमी दिसतो, पण थर बरोबर त्या खडकांवरच धरतो.

प्रवाह, ऊन आणि वीज

थर पेटीत कोठे धरतो हे नीट पाहावे. बहुतेक वेळा खडकाच्या मागे, कोपऱ्यात, वाळूच्या खोलगट भागात, म्हणजे जेथे पाणी थबकते आणि गाळ बसतो तेथे. प्रवाळ-मत्स्यालयात तासाला पेटीच्या क्षमतेच्या वीस ते चाळीसपट पाणी फिरावे लागते. दोनशे लिटरच्या पेटीला चार ते आठ हजार लिटर. एकच मोठा पंप एका दिशेने लावण्यापेक्षा दोन लहान पंप समोरासमोर लावून आलटून पालटून चालवले तर निवांत कोपरे उरत नाहीत. केवळ पंपाचे तोंड वळवल्याने थर नाहीसा झाल्याचे कित्येक पेट्यांत दिसते, आणि या उपायाला खर्च शून्य आहे.

उष्णता हा आपल्याकडचा खास प्रश्न. युरोप-अमेरिकेतील पुस्तके पेटी गरम कशी ठेवावी हे सांगतात, आपल्याला ती थंड ठेवायची असते. प्रवाळांना २४ ते २७ अंश सेल्सिअस मानवते. धाराशिवकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि सायनोबॅक्टेरिया जोमाने वाढतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. हा उपाय मराठवाड्याच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, मुंबईच्या दमट हवेत फारसा नाही. मात्र पंख्यामुळे बाष्पीभवन वाढते, तूट अधिक भरावी लागते, आणि ती बोअरच्या पाण्याने भरली तर वरचा हिशोब आणखी बिघडतो. एक गोष्ट दुसरीशी अशी बांधलेली आहे.

वीज गेली की प्रवाह थांबतो. रात्री दाट थर असलेल्या पेटीत वीज तीन-चार तास गेली, तर थरासह सर्व जीव ऑक्सिजन घेत असतात आणि देणारे कोणी नसते. सकाळी मासे पृष्ठभागाशी धापा टाकताना दिसतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप काही शे रुपयांत मिळतो. एखादा पंप घरच्या इन्व्हर्टरला जोडला तर अधिक बरे. दिवे रोज आठ-दहा तासांपेक्षा अधिक ठेवू नयेत आणि पेटीवर खिडकीतून थेट ऊन येऊ देऊ नये.

प्रत्यक्ष साफसफाई

कारणे हाती आल्यावर थर काढण्यास अर्थ येतो. पंप बंद करून, हवेच्या पंपाला वापरतात तसल्या बारीक नळीने थर अलगद ओढून घ्यावा. ब्रशने घासू नये, कारण तुकडे पाण्यात पसरून नव्या जागी रुजतात. नळीत पाणी चढवण्यासाठी ती तोंडात धरू नये. प्रवाळ-मत्स्यालयातील झोअँथिड गटाच्या काही प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असते आणि सायनोबॅक्टेरियाच्या काही जातीही विषारी आहेत. हातावर जखम असेल तर रबरी हातमोजे घालावेत. मत्स्यालयाच्या पाण्यातून मायकोबॅक्टेरियम मरिनम या जंतूचा त्वचेला होणारा संसर्ग महिनोन्‌महिने रेंगाळतो.

ओढलेले पाणी साप्ताहिक बदलातच धरावे, म्हणजे एका कामात दोन कामे होतात. प्रोटीन स्किमर असल्यास त्याचा पेला दर दोन दिवसांनी धुवावा. हे क्रमाने चार ते सहा आठवडे चालू ठेवले तर बहुतेक पेट्यांत थर मागे हटतो. पहिल्या आठवड्यात फरक दिसत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लोक धीर सोडतात.

प्रादुर्भाव फारच वाढला असेल तर तीन दिवस अंधाराचा उपाय करता येतो. दिवे बंद, पेटीभोवती जाड कापड. प्रवाळ एवढा अंधार सहसा सोसतात. या काळात हवेचा पंप अखंड चालू हवा, कारण मरणारा थर कुजताना ऑक्सिजन खातो. चौथ्या दिवशी मेलेला थर ओढून पाणी बदलावे. कारण दूर केले नसेल तर पंधरा दिवसांत तो परततो. गोगलगायी व वाळू उकरणारे शंख यांची मदत होते, पण ती गाळ हलवण्यापुरती. हा थर आवडीने खाणारे प्राणी थोडे, आणि त्याची चव व विष पाहता ते समजण्यासारखे आहे.

गोळीचा मोह

जीवाणू म्हटला की प्रतिजैविक आठवते. एरिथ्रोमायसिनने हा थर दोन-तीन दिवसांत खरोखर नाहीसा होतो. शेवाळावर ज्याचा परिणाम होत नाही ते औषध यावर लागू पडते, हाच तो जीवाणू असल्याचा रोकडा पुरावा. म्हणूनच हौशी मंडळींत गोळी कुटून पाण्यात घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये.

पहिली अडचण पेटीचीच. माशांच्या उत्सर्गातील अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारेही जीवाणूच असतात आणि सारे मत्स्यालय त्यांच्या जिवावर उभे असते. औषध त्यांना किती दुखावेल याची हमी नाही. एकाच वेळी मेलेला सगळा थर कुजून ऑक्सिजन घटवतो, अमोनिया वाढवतो आणि पेशींतील विष पाण्यात सोडतो. शिवाय थरात अडकलेले पोषकद्रव्य मोकळे होते, ते पुढच्या थराचे अन्न होते. दुसरी अडचण पेटीबाहेरची. एरिथ्रोमायसिन हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माणसांना दिले जाणारे औषध आहे. अर्धवट मात्रेने काही जीवाणू मरतात, काही टिकतात, आणि टिकलेले पाणी बदलताना गटारात जातात. ते गटार कोठे जाते हे उजनीच्या संदर्भात वर आलेच आहे. दिवाणखान्याची शोभा टिकवण्यासाठी न्यूमोनियाच्या औषधाची धार बोथट करणे परवडणारे नाही. ‘लाल थर घालवणारी’ म्हणून तयार मिळणारी आणि घटक न सांगणारी भुकटीही याच संशयाने पाहावी.

मात्र उपाय न करणे हाही पर्याय नाही. थर प्रवाळावर चढला की त्याखालचे जिवंत ऊतक प्रकाशाविना व ऑक्सिजनविना मरते. खुल्या समुद्रातही हे घडते. १९७३ मध्ये आर्नफ्रीड अँटोनियस यांनी कॅरिबियन प्रवाळांवरील ‘काळ्या पट्ट्याचा रोग’ प्रथम नोंदवला. त्या पट्ट्यातील मुख्य घटक तंतुमय सायनोबॅक्टेरियाच असतो.

आणि हे प्रवाळ सहजासहजी पुन्हा मिळणारी वस्तू नाहीत. दगडी प्रवाळांना भारतात २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे, म्हणजे वाघाच्या बरोबरीचे संरक्षण आहे. मालवणच्या किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा वा ‘लाइव्ह रॉक’चा तुकडा घरी आणणे हा गुन्हा ठरतो. मुंबईत सागरी किनारा मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळांच्या अवघ्या १८ वसाहती २०२० मध्ये हलवायच्या होत्या, त्यासाठीही रीतसर परवानगी घेऊन शास्त्रज्ञांकरवी त्यांचे स्थलांतर करावे लागले. परदेशी दगडी प्रवाळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सीआयटीईएस करारात नोंदलेले आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्राण्यांचा विषय आपल्या कायद्यातही आला. कागदपत्रे न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून ते घेऊ नयेत. खडकासाठी कृत्रिम, सिरॅमिकचे पर्याय मिळतात.

नव्या पेटीत पहिल्या तीन-चार महिन्यांत वाळूवर पुसट लालसर झाक येऊन गेली तर घाबरण्याचे कारण नाही. जीवाणूंची घडी बसेपर्यंत असे होतेच. खाद्य बेताचे ठेवून वाट पाहावी. थर प्रवाळांच्या बुडाशी पोहोचला किंवा आठवड्यागणिक दुप्पट होऊ लागला, तरच वरील क्रम सुरू करावा.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट राहिली. दोनशे लिटरच्या पेटीतून दर आठवड्याला वीस लिटर पाणी काढले, तर त्यात सुमारे सातशे ग्रॅम क्षार असतो, म्हणजे वर्षाकाठी छत्तीस किलोच्या आसपास. हे पाणी कुंड्यांत, बागेत, शेतात किंवा विहिरीजवळ ओतू नये. शहरात ते मोरीत सोडून वर साधे पाणी सोडावे. गावाकडे, जेथे सांडपाणी शोषखड्ड्यात जाते, तेथे ते पसरट टाकीत उन्हात आटवून उरलेला क्षार कोरडाच बाजूला काढणे सोयीचे पडते. सोनारीच्या उन्हात त्याला फार दिवस लागत नाहीत.